सातवी फायनल आणि चांदीचा हिशोब

हुपरीत ऐंशीच्या पुढच्या एखाद्या आजोबांचं शिक्षण किती असं विचारलं, तर घरातली माणसं दोन शब्दांत उत्तर देतात: ‘फायनल झालेत.’ कसली फायनल, हे कुणी सांगत बसत नाही. आमच्या पिढीला फायनल म्हटलं की क्रिकेट आठवतं, नाहीतर इंजिनिअरिंगचं शेवटचं वर्ष. आजोबांची फायनल म्हणजे व्हर्नाक्युलर फायनल, मराठी सातवीची परीक्षा. बाहेरचे परीक्षक, शाळेबाहेरचं केंद्र, आणि पास झालात तर हातात असा दाखला, की त्यावर प्राथमिक शिक्षकाची किंवा तलाठ्याची नोकरी मिळू शकायची. आज सातवी म्हणजे सहावी आणि आठवीच्या मधलं एक वर्ष. त्या काळी तो गावाबाहेर पडायचा दरवाजा होता.

या दरवाजाकडे जाणारा रस्ता कसा होता ते आधी बघू, कारण आपल्या डोक्यातली ‘पहिली ते दहावी’ ही सरळ रेघ तेव्हा नव्हतीच. ब्रिटिश मुंबई इलाख्यात आणि त्याच्या आसपासच्या संस्थानांत मूल मराठी चौथी झालं की रस्त्याला दोन फाटे फुटायचे. एक फाटा इंग्रजी शाळेकडे. तिथं वर्ग पुन्हा एकपासून मोजायचे: इंग्रजी पहिली, दुसरी, तिसरी. ‘मिडल स्कूल’ म्हणायचे ते या वर्गांना. त्यापुढे हायस्कूल, इंग्रजी सातवीला मॅट्रिक, मग कॉलेज. दुसरा फाटा मराठी शाळेतच राहायचा: मराठी पाचवी, सहावी, सातवी आणि फायनल. पहिल्या फाट्याला फी लागायची, आणि बहुतेक वेळा शहरात राहायची सोय लागायची. दुसरा गावातच, किंवा चालत जाता येईल अशा शेजारच्या मोठ्या गावात. फायनल झाल्यावर कुणाला इंग्रजीकडे वळावंसं वाटलंच, तर वयाची वर्षं वाया जायची, कारण इंग्रजी खालपासून गिरवायला लागायची.

म्हणजे दहा-अकरा वर्षांच्या पोराचं पुढचं आयुष्य चौथीच्या उन्हाळ्यात ठरायचं. ते पोरगं काही ठरवत नसे. ठरवायची घरची जमीन, बापाचा धंदा, आणि जात.

मराठी पाचवी ते सातवीत शिकवायचे काय? बालबोध वाचन आणि मोडी लेखन. मोडी आज आपल्याला गूढ लिपी वाटते, पण तेव्हा जमिनीचे कागद, कर्जरोखे आणि दुकानाच्या वह्या मोडीतच असायच्या. ज्याला मोडी वाचता येत नाही त्याला सावकाराने काय लिहून घेतलंय ते कळत नाही, इतका साधा मामला. त्याबरोबर व्याकरण, इतिहास, भूगोल, थोडं आरोग्य. आणि सगळ्यात जास्त दरारा गणिताचा.

हे गणित समजून घेण्यासारखं आहे. १२ पै म्हणजे १ आणा, १६ आणे म्हणजे १ रुपया. ८ गुंजा म्हणजे १ मासा, १२ मासे म्हणजे १ तोळा, ८० तोळे म्हणजे १ शेर, ४० शेर म्हणजे १ मण. यात दहाचा पाया कुठंच नाही. कॅल्क्युलेटर नाही, आणि दुकानात गिऱ्हाईक समोर उभं असताना पाटी काढायला वेळ नाही. म्हणून पोरांकडून अपूर्णांकांचे पाढे घोकून घ्यायचे: पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, आणि औटकी. औट म्हणजे साडेतीन. समजा, चांदी तोळ्याला साडेदहा आणे, आणि घ्यायचीय साडेतीन तोळे. औटकी येणारा मुलगा म्हणणार, औट दाहे पस्तीस, अर्ध्याचे पावणेदोन, झाले पावणेसदतीस आणे. म्हणजे २ रुपये ४ आणे ९ पै. हे सगळं ओठांतल्या ओठांत, श्वास टाकायच्या आत.

मी रोज कोड लिहितो. मोठी आकडेमोड सोपी करायची जुनी युक्ती म्हणजे उत्तरं आधीच काढून एका तक्त्यात ठेवायची आणि लागली की नुसती बघायची. पावकी-औटकी हा तसाच तक्ता आहे, फक्त तो पोरांच्या डोक्यात भरलेला. त्यामुळे ‘जुनी पद्धत म्हणजे निव्वळ घोकंपट्टी’ असं कुणी म्हटलं की मला ते अर्धंच खरं वाटतं. घोकलेली गोष्ट दुसऱ्या दिवशी बाजारात वापरायला मिळत असेल, तर तिचं अवजार होतं.

आणि हुपरीत ती रोजच वापरायला मिळायची. बाहेरच्या वाचकासाठी सांगतो: हुपरी हे हातकणंगले तालुक्यातलं गाव. आता नगरपरिषद झाली आहे. पैंजण, वाळे, तोडे, जोडवी, चांदीचं जे काही पायात घालतात ते इथं घडतं आणि देशभर जातं. एका घरात सगळं काम होत नाही. ज्यांना गावात धडी उत्पादक म्हणतात ते चांदी देतात. कुणी ती आटवतो, कुणी जंत्रीतून ओढून तार काढतो, कुणी कड्या वळवतो, कुणी त्या जोडतो, कुणी डाक लावतो, कुणी घुंगरू बसवतो, शेवटी पॉलिश. प्रत्येक टप्प्यावर माल तोलून द्यायचा आणि तोलून घ्यायचा. कामात थोडी चांदी जाते, तिला घट म्हणतात. घट किती मान्य आणि किती नाही, यावर भांडणं होतात. चांदीत शुद्ध भाग किती, तो टंच. ८० टंचाची ३ किलो आणि ६० टंचाची २ किलो एकत्र आटवली तर किती टंचाची झाली? बहात्तर. शाळेच्या पुस्तकात असल्या गणितांना मिश्रणाची उदाहरणं म्हणतात, आणि पुस्तकातलं मिश्रण नेहमी दुधात पाणी नाहीतर तांदळात तांदूळ असतं.

आता मुद्द्यावर येतो. दहा ते चौदा हे वय हात बसायचं वय असतं. कारागिराच्या घरात हे सगळ्यांना माहीत असतं. बोटं लहान, नजर तीक्ष्ण, कडीत कडी अडकवायला अगदी योग्य. आणि हीच वर्षं शाळेलाही हवी असतात. त्यामुळे मधल्या शाळेत काय शिकवावं, हा वाद पुस्तकांपुरता नव्हता. या वर्षांवर हक्क कुणाचा, असा तो वाद होता, आणि दीडशे वर्षांत त्याला वेगवेगळी उत्तरं मिळाली.

मला सगळ्यात नेमकं वाटतं ते उत्तर जोतीराव फुल्यांचं. १८८२ साली त्यांनी हंटर आयोगाला लेखी निवेदन दिलं. निदान बारा वर्षांच्या वयापर्यंत शिक्षण सक्तीचं करा, एवढं मागून ते थांबले नाहीत. काय शिकवा, हेही त्यांनी सांगितलं: मोडी आणि बालबोध वाचन-लेखन, हिशोब, इतिहास-भूगोलाची आणि व्याकरणाची तोंडओळख, शेतीचं प्राथमिक ज्ञान, नीती आणि आरोग्याचे काही धडे. खेड्यातल्या शाळेत विषय शहरापेक्षा कमी असले तरी चालतील, पण ते कमी उपयोगाचे नकोत, असं त्यांचं म्हणणं होतं. शेतीच्या धड्यांना जोडून एखादं लहानसं नमुन्याचं शेत असावं, असंही त्यांनी सुचवलं. त्या यादीत हिशोब आणि मोडी किती वर आहेत ते बघा. ज्याची फसवणूक कागदावर होते त्याला आधी कागद वाचता आला पाहिजे. हाताचं काम येतं, पण त्याचा पाया शेतकऱ्याचं पीक सुधारणं हा आहे. मुलाने शाळेत कमवावं, असं त्यात कुठंच नाही.

यानंतरची गोष्ट माझ्या गावाच्या आसपासच घडते, याचं मला अजून नवल वाटतं. नकाशा उघडा. हुपरीजवळ कागल. गोपाळ कृष्ण गोखल्यांचं लहानपणीचं शिक्षण कागलला झालं. १९११ साली त्यांनी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचं विधेयक केंद्रीय कायदेमंडळात मांडलं आणि १९१२ साली ते १३ विरुद्ध ३८ मतांनी पडलं. त्याच कागलच्या घाटगे घराण्यातून कोल्हापूरच्या गादीवर दत्तक गेलेल्या शाहू महाराजांनी १९१७ साली आपल्या संस्थानात तो कायदा करूनच टाकला. मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड. पहिली शाळा १९१८ साली करवीर भागातल्या चिखलीला सुरू झाली. १९१९ साली अस्पृश्यांसाठीच्या वेगळ्या शाळा बंद करून सगळी मुलं एकाच शाळेत बसवण्याचा हुकूम निघाला. आणि त्याच १९१९ साली, आमच्याच तालुक्यातल्या कुंभोजला जन्मलेल्या भाऊराव पाटलांनी कराडजवळ काल्याला रयत शिक्षण संस्था काढली.

दंडाचा एक रुपया हा तपशील मला फार बोलका वाटतो. तो रुपया म्हणजे संस्थानाने केलेली कबुली आहे, की घरच्या कामातून मूल काढून घेणं म्हणजे घराचं खरंखुरं नुकसान आहे. फुकट शाळा काढली की मुलं आपोआप येतील, असं मानणारा माणूस दंड लावत नाही. शाहूंना शेतकऱ्याचं घर आतून कसं चालतं ते ठाऊक होतं. त्यांची वसतिगृहंही याच समजेतून आली. १९०१ साली कोल्हापुरात मराठा आणि जैन विद्यार्थ्यांची बोर्डिंगं निघाली, पुढे इतर जातींची, १९०८ साली अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग. चौथीनंतरच्या त्या दोन फाट्यांपैकी महागडा फाटा खेड्यातल्या पोराला परवडायचा तर शहरात ताट आणि अंथरूण लागतं. भाऊराव स्वतः जैन बोर्डिंगात राहून राजाराम हायस्कूलला शिकले, आणि पुढे आयुष्यभर तेच ताट-अंथरूण हजारो मुलांसाठी उभं करत राहिले, मुलांच्या श्रमाला वसतिगृहाच्या खर्चाशी जोडून. ‘कमवा आणि शिका’ तिथली. त्यांनी १९३५ साली साताऱ्यात शिक्षक घडवणारं कॉलेज काढलं, तेव्हा फायनल झालेल्या खेड्यातल्या मुलांसाठी मास्तर व्हायचा रस्ता आणखी जवळ आला.

मग १९३७. गांधीजींनी वर्ध्याला शिक्षण परिषद भरवली आणि झाकिर हुसेन समितीने नई तालीमचा आराखडा तयार केला. सात ते चौदा, सात वर्षांचं सक्तीचं शिक्षण, मातृभाषेत, आणि मध्यभागी एक हस्तव्यवसाय. त्या आराखड्यातलं वेळापत्रक वाचण्यासारखं आहे. दिवसाचे साडेपाच तास. त्यातले ३ तास २० मिनिटं हस्तव्यवसायाला. मातृभाषेला ४० मिनिटं. संगीत, चित्रकला आणि गणित मिळून ४० मिनिटं. समाजशास्त्र आणि विज्ञान मिळून ३० मिनिटं. व्यायामाला १० आणि सुट्टीला १०. वर्षाला कामाचे दिवस २८८.

कल्पना मोठी होती यात शंका नाही. सूत कातताना गणित, कापसातून भूगोल, कापडाच्या व्यापारातून इतिहास. हात आणि डोकं वेगळं काढणाऱ्या, आणि त्या वेगळेपणावर जात उभी करणाऱ्या समाजात हे म्हणायला धाडस लागतं. पण हुपरीच्या घरात वाढलेल्या माणसाला ते ३ तास २० मिनिटं वाचून जरा धास्ती वाटते. मुलांनी बनवलेल्या मालातून शाळेचा खर्च निघावा, हा गांधीजींचा आग्रह होता, आणि शाळांचे कारखाने होतील अशी टीका तेव्हाही झाली. ज्या पांढरपेशा घरात मुलाने कधी हातोडी धरली नाही तिथं हा प्रयोग औषध आहे. जिथं मूल शाळेतून आल्यावर कड्या जोडायलाच बसणार आहे, तिथं शाळेतले ४० मिनिटांचे वाचन-लेखन फार कमी आहे. फुल्यांचा क्रम मला म्हणूनच जास्त पटतो.

प्रत्यक्षात काय झालं? स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्यातल्या शाळांत टकळी आली. मुलं दप्तरात पेळू घेऊन जायची. कुठं सूतकताई, कुठं शेती, कुठं पुठ्ठेकाम आणि सुतारकाम. १ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं आणि आमच्याकडेही हाच अभ्यासक्रम लागू झाला. चांदीच्या गावात पोरं शाळेत सूत कातणार आणि घरी जाऊन चांदीची तार ओढणार. स्थानिक परिसराशी जोडलेला व्यवसाय निवडा, असं नई तालीम सांगत होती. पण सरकारी यंत्रणेत उतरल्यावर ‘स्थानिक’चा अर्थ सगळीकडे टकळी असा झाला. चांदीचा विचार न होण्यामागे व्यवहारी कारणही आहे: चांदी महाग, तिचा हिशोब गुंजेपर्यंत, ती शाळेच्या कपाटात ठेवणार कोण?

यानंतर ज्या गोष्टीने सातवीचं वर्ष खरोखर बदललं तिच्याबद्दल शिक्षणाच्या इतिहासात फार कमी लिहिलं जातं. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली. रुपयाचे १६ आणे गेले, १०० नवे पैसे आले. पुढच्या काही वर्षांत शेर-मण जाऊन किलो-ग्रॅम आले. शाळेतून औटकी उतरणीला लागली. साडेदहाचा औट काढण्यापेक्षा १०.५ गुणिले ३.५ सोपं. मोडीही याच सुमारास अभ्यासक्रमातून गेली. नुकसान झालं का? हिशोब सर्वांना सोपा झाला, हे निर्विवाद. पण मधल्या शाळेतली दोन विद्या, ज्या थेट बाजारात आणि कचेरीत चालायच्या, एका दशकात नाहीशा झाल्या, आणि त्यांची जागा अशा विषयांनी घेतली ज्यांचा उपयोग पुढच्या वर्गात जाण्यासाठी होतो. सातवी आता स्वतःसाठी उरली नाही, ती आठवीची तयारी झाली. सराफाच्या पेढीवर मात्र तोळा टिकला, फक्त ११.६६ ग्रॅमचा होता तो बोलण्यात १० ग्रॅमचा झाला.

फायनल नोकरीचा दरवाजा राहिली नाही तेव्हा मधल्या शाळेचं काय करायचं, हा प्रश्न कोठारी आयोगापुढे आला (१९६४ ते ६६). त्याचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक. हेही आमच्याच जिल्ह्यातले, आजरा तालुक्यातल्या बहिरेवाडीचे, गारगोटीच्या मौनी विद्यापीठाच्या उभारणीतले प्रमुख. आयोगाने ‘कार्यानुभव’ हा शब्द दिला. मुलांना शाळेत, शेतात, कारखान्यात, खऱ्या उत्पादक कामाचा अनुभव मिळावा, अशी अपेक्षा. १९७७ साली ईश्वरभाई पटेल समितीने त्याला ‘समाजोपयोगी उत्पादक कार्य’ म्हटलं. नावं बदलली, श्रेणी देण्याची पद्धत बदलली. गणितात नापास झालेला सातवीचा मुलगा घरी बोलणी खायचा. कार्यानुभवात ‘ब’ मिळाला म्हणून कुणी बोलणी खाल्ल्याचं मी ऐकलेलं नाही.

माझ्या वेळी, म्हणजे २००९-१०च्या सातवीत, कार्यानुभव म्हणजे कागदाची फुलं, खडू तयार करणं, आणि वर्षाच्या शेवटी एक वही. वर्गातल्या निम्म्या मुलांची बोटं पैंजणाच्या कड्यांनी निबर झालेली. त्यातल्या एका मुलाला नुसतं बोटावर खेळवून तारेची जाडी सांगता यायची, आणि त्याची कागदाची फुलं भयंकर वाईट व्हायची. त्याला ‘क’ मिळाला. गावाचं नाव आमच्या अभ्यासात यायचं ते सामान्यज्ञानाच्या ‘जोड्या लावा’मध्ये: इचलकरंजी आणि कापड, कोल्हापूर आणि चपला, हुपरी आणि चांदी. एक गुण. त्या वर्षी सगळ्यांचं लक्ष शिष्यवृत्ती परीक्षेकडे होतं, कारण ती तेव्हा चौथी आणि सातवीला असायची (पाचवी आणि आठवीला गेली ती नंतर). जादा तास सकाळी सातला, बुद्धिमत्तेच्या प्रश्नांचे गठ्ठे. ज्यांना सकाळी सातला यायला जमायचं नाही त्यांच्या घरी भट्टी लवकर पेटायची. मुलींचं तर बघायलाच नको, कड्या जोडायचं काम घरात बसून करण्यासारखं, म्हणून ते आधी त्यांच्याकडे यायचं.

मी सातवीत असताना, १ एप्रिल २०१० रोजी, शिक्षण हक्काचा कायदा लागू झाला. सहावी ते आठवीसाठी वर्षाला २२० दिवस आणि १००० तास अध्यापन. सहा ते चौदा वयाला हक्क. शाहूंच्या कायद्यात दंड पालकाला होता. या कायद्याने जबाबदारी मुख्यतः सरकारवर टाकली. २०१६ साली बालकामगार कायद्यात दुरुस्ती झाली. चौदा वर्षांखालच्या मुलांना सगळीकडे कामावर ठेवायला बंदी, पण एक अपवाद: शाळा सुटल्यावर किंवा सुट्टीत घरच्या धंद्यात मदत करता येईल, धोकादायक ठरवलेली कामं वगळून. दिल्लीत हा अपवाद लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे बहुधा शेत किंवा किराणा दुकान असेल. घराघरांत वाटून दिलेल्या कामाच्या गावात ‘घरचा धंदा’ कुठं सुरू होतो आणि मजुरी कुठं? चांदी धडी उत्पादकाची, घट त्याच्या वहीत, मजुरी किलोवर. फक्त खोली घरची. मूल आईशेजारी बसलंय म्हणून ती मदत, आणि चार घरं सोडून बसलं तर गुन्हा. कायद्याच्या भाषेत फरक आहे, बोटांना नाही.

दुसऱ्या बाजूनेही बोललं पाहिजे. हे काम शिकलेल्या मुलांना आपण ‘शाळेत मागे’ म्हणतो आणि त्यांच्याजवळचं ज्ञान मोजतच नाही. मिश्रणाची उदाहरणं वर्गात न येणारा मुलगा घरी बापाला दोन टंचांची चांदी किती प्रमाणात आटवायची ते सांगतो, हे मी बघितलंय. दोन्ही गणितं एकच आहेत, हे त्याला कुणी सांगितलं नाही. सांगणाऱ्या शिक्षकाला टंच म्हणजे काय ते माहीत हवं, आणि बदली होऊन आलेल्या शिक्षकाला ते माहीत असायचं कारण नाही. त्याच्या हातात १९६७ साली स्थापन झालेल्या बालभारतीचं पुस्तक आहे, जे गडचिरोली ते सिंधुदुर्ग सगळीकडे एकच. एकच पुस्तक असण्याचे फायदे मी जाणतो. हुपरीच्या मुलाला मुंबईच्या मुलाइतकंच मिळालं पाहिजे, आणि इंजिनिअरिंगच्या प्रवेश परीक्षेत मला त्याचाच उपयोग झाला. पण एका पुस्तकाशेजारी चार पानं गावाची ठेवायला कुणाची हरकत होती?

२०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवी हा पुन्हा वेगळा टप्पा ठरवला आहे. त्यात दहा दिवस दप्तराविना. त्या दिवसांत मुलांनी गावातल्या कारागिरांकडे जाऊन काम बघायचं आणि करायचं: सुतार, माळी, कुंभार, कलाकार अशी उदाहरणं धोरणात दिली आहेत. पुण्या-मुंबईच्या शाळांत याचे फोटो छान येतात. हुपरीतल्या सातवीच्या वर्गाला कारागिराकडे न्यायचं म्हटलं तर शिक्षकांना बाकांवरूनच चारपाच जण उठवता येतील. त्यांनी फळ्यापाशी येऊन जंत्री, डाक, घट आणि टंच समजावून सांगायचं, सरांनी खाली बसून वहीत लिहून घ्यायचं, आणि मग ८० टंचाची ३ किलो आणि ६० टंचाची २ किलो हे उदाहरण सगळ्या वर्गाने मिळून सोडवायचं.